बुल्स की वॉरियर्स? आधी रेषा कुठली ते ठरवा

१३ एप्रिल २०१६ च्या रात्री अमेरिकेतल्या ओकलंडमध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्स या बास्केटबॉल संघाने मेम्फिसला हरवून हंगामातला ७३वा विजय मिळवला. शिकागो बुल्सचा १९९५-९६ मधला ७२ विजयांचा विक्रम मोडला आणि एनबीए या अमेरिकी व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या चाहत्यांत एक वाद पेटला, तो अजून विझलेला नाही: हे दोन संघ समोरासमोर आले असते तर? स्टीव्ह कर यांच्यामुळे या वादाची गोडी आणखी वाढते. बुल्सच्या त्या संघात ते राखीव गार्ड होते आणि वॉरियर्सचे मुख्य प्रशिक्षकही तेच.

वेगवेगळ्या काळांतल्या खेळाडूंना झुंजवण्याची हौस जुनीच. १९६७ मध्ये मायामीचे रेडिओ निर्माते मरे वोरोनर यांनी सोळा हेवीवेट मुष्टियोद्ध्यांची माहिती संगणकाला पुरवून त्यांच्या काल्पनिक लढती रेडिओवर ऐकवल्या. त्यात जेम्स जेफ्रीजने आपल्याला हरवल्याचं पाहून मुहम्मद अली इतके चिडले की त्यांनी कोर्टात दावा ठोकला. बास्केटबॉलमध्ये २०१२ साली कोबी ब्रायंट म्हणाले की आमचा ऑलिंपिक संघ १९९२ च्या ‘ड्रीम टीम’ या अमेरिकी ऑलिंपिक संघाला हरवू शकेल. त्या टीममधल्या मायकेल जॉर्डन यांनी ते हसण्यावारी नेलं.

आकडे जुळवायला बसलं की बुल्सचं पारडं जड वाटतं. त्यांनी सामन्यामागे सरासरी १०५.२ गुण केले आणि ९२.९ दिले. वॉरियर्सने ११४.९ केले, पण १०४.१ दिले. शिवाय बुल्स विजेते ठरले, तर वॉरियर्स अंतिम फेरीत ३-१ ने पुढे असूनही क्लीव्हलँडकडून हरले. मात्र १९९५-९६ मध्येच टोरांटो आणि व्हँकुव्हर हे दोन नवे, कच्चे संघ लीगमध्ये आले होते, हेही विसरता येत नाही. (त्या हंगामात बुल्सच्या दहा पराभवांपैकी एक टोरांटोकडूनच झाला, तोही एका गुणाने!)

माझ्या मते खरा पेच नियमांचा आहे. २००१-०२ च्या आधी झोन बचावाला, म्हणजे एकेका खेळाडूऐवजी मैदानाचा ठरावीक भाग राखण्याला, मनाई होती. २००४-०५ पासून चेंडू घेऊन येणाऱ्याला हाताने रोखणाऱ्यांवर पंच कडक झाले. म्हणजे वॉरियर्सच्या स्टीफन करीला बुल्सचे जॉर्डन आणि स्कॉटी पिपेन जुन्या नियमांनी अडवणार की नव्या, यावरच अर्धा सामना ठरतो. वॉरियर्सने त्या हंगामात १,०७७ थ्री-पॉइंटर (ठरावीक रेषेबाहेरून मारलेले तीन गुणांचे बास्केट) मारले, त्यातले ४०२ एकट्या करीचे. बुल्सचे सगळे मिळून ५४४.

आणि त्या ५४४ मागेही एक गोष्ट आहे. थ्री-पॉइंट रेषा एनबीएत १९७९-८० मध्ये आली, तेव्हा ती बास्केटच्या समोरून २३ फूट ९ इंचांवर होती. स्कोअर वाढावा म्हणून १९९४-९५ पासून तीन हंगाम ती सगळीकडून २२ फुटांवर आणली गेली. बुल्सचे ७२ विजय या जवळच्या रेषेवरचे. त्या वर्षी स्टीव्ह कर यांचे ५१.५ टक्के थ्री-पॉइंटर बास्केटमध्ये पडले. १९९७-९८ मध्ये रेषा मूळ जागी गेली आणि त्यांची टक्केवारी ४३.८ वर आली.