न दिसलेल्या पक्ष्याचा हिशेब

पक्षी दिसला नाही म्हणून तो तिथे नव्हता असं होत नाही. तरीही जुन्या आढळ-नकाशांत कोरा चौकोन म्हणजे ‘इथे नाही’ असंच सर्रास धरलं जाई. २००२ मध्ये डॅरिल मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी यावर उपाय मांडला. एकाच जागी पुन्हापुन्हा जायचं. पाच फेऱ्यांत पक्षी दोनदाच दिसला, तर तो किती सहज निसटतो याचा अंदाज येतो आणि ‘असणं’ व ‘दिसणं’ वेगळं करता येतं. कर्नाटकातल्या वाघांसाठी २०१० मध्ये हीच पद्धत फिरवून वापरली गेली. तिथे रानवाटेचे तुकडे म्हणजेच फेऱ्या. पण वाघ वाटेवाटेनेच चालतो, त्यामुळे लागून असलेल्या तुकड्यांवरच्या खुणा एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. तीही सोय गणितात करावी लागली.

दक्षिण आफ्रिकेत मात्र अडचण आकाराची होती. तिथला दुसरा पक्षी-ॲटलास प्रकल्प २००७ पासून चालू आहे. दक्षिण आफ्रिका, लेसोथो आणि एस्वातिनी मिळून साधारण नऊ-नऊ किलोमीटरचे सतरा हजारांवर चौकोन, आणि त्यांत किमान दोन तास फिरून याद्या करणारे हौशी निरीक्षक. फेऱ्या आपसूक मिळाल्या. हिशेब करायला संगणक पुरेना.

बेजियन रीतीत, म्हणजे आधीचा अंदाज हाती आलेल्या माहितीनुसार सुधारत नेण्याच्या संख्याशास्त्रीय रीतीत, प्रत्येक चौकोनातलं ‘आहे की नाही’ हे लपलेलं चल मानतात. केंब्रिजमध्ये १९८९ ला सुरू झालेल्या ‘बग्ज’ सॉफ्टवेअरमुळे असं मॉडेल चार ओळींत लिहिता येऊ लागलं. लोकप्रियता त्यातूनच आली, पण मोठ्या माहितीवर ते रेंगाळे.

खरी गोम लॉजिटमध्ये, म्हणजे पक्षी असण्या-दिसण्याची शक्यता परिसराच्या घटकांशी जोडणाऱ्या सूत्रात होती. गिब्ज या बेजियन गणितातल्या नमुने काढण्याच्या पद्धतीत एकेका अज्ञाताची किंमत ओळखीच्या वितरणातून काढता आली तर काम झपाट्याने होतं. लॉजिट घेतलं की तसं वितरणच हाती येत नाही. प्रॉबिट या तशाच दुसऱ्या सूत्रासाठी अल्बर्ट आणि चिब यांनी १९९३ मध्येच एक जादा लपलेलं चल घालून वाट काढली होती, आणि २०१२ मध्ये ती आढळ-मॉडेलांत, म्हणजे मॅकेन्झी यांच्यासारख्या मॉडेलांत आली. पण परिसरशास्त्रज्ञांचा हात लॉजिटवर बसलेला, आणि मला त्यात नुसता हट्ट दिसत नाही: त्यातले गुणक ‘असण्याची’ शक्यता भागिले ‘नसण्याची’ शक्यता या गुणोत्तराच्या (ऑड्सच्या) भाषेत वाचता येतात.

लॉजिटसाठी तशीच युक्ती पोल्सन, स्कॉट आणि विंडल यांनी २०१३ मध्ये दिली, पोल्या-गॅमा वितरणाची. केपटाऊन विद्यापीठातल्या ॲलन क्लार्क आणि रेस आल्टवेग यांनी २०१९ मध्ये ती आढळ-मॉडेलांना लावली, शेजारच्या चौकोनांचा परस्परसंबंध धरून. २०२२ मध्ये आलेलं ‘एसपी-ऑक्युपन्सी’ हे आर या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेतलं पॅकेजही हीच युक्ती वापरतं. शिवाय प्रत्येक जागेसाठी ते मोजकेच जवळचे शेजारी धरतं, त्यामुळे हजारो जागांचं गणितही आवाक्यात राहतं.