आकडी आली की अंगात आलं? ओळखायचं कसं

जागरण-गोंधळाची रात्र सरत आली की पहाटे घरातली एखादी मुलगी किंचाळून कोसळते. हातपाय झडतात, तोंडाला फेस येतो. "देवीचं वारं आलं" म्हणत कुणी कुंकू घेऊन धावतं. पण झोपमोड हे आकडी उठण्याचं नेहमीचं कारण आहे. ज्याला आकडीचा विकार, म्हणजे अपस्मार (फिट येणं) आहे, त्याला रात्रभराचं जागरण आणि त्या गडबडीत चुकलेली एक गोळी पुरते. त्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच मांडवात, एकाच रात्री दिसू शकतात आणि तिथेच घोटाळा होतो.

आकडी निमित्त पाहत नाही. ती झोपेत येते, न्हाणीघरात येते, एकटं असताना येते. सुरुवातीला अंग लाकडासारखं ताठ होतं आणि छातीतली हवा जोराने बाहेर पडून ती किंकाळी निघते; वेदनेचा त्यात संबंध नसतो. डोळे बहुधा उघडे, बुबुळं वर गेलेली. काही सेकंदांनी झटके सुरू होतात, ओठ निळसर पडतात. झटक्यांमधलं अंतर वाढत जाऊन साधारण 1 ते 3 मिनिटांत सगळं थांबतं. जीभ कडेला चावली जाते, कपड्यात लघवी होते. नंतर माणूस घोरत पडतो, आणि जाग आली तरी कुठे आहोत हे त्याला बराच वेळ उमगत नाही. मधलं काहीच आठवत नाही.

अंगात यायला मात्र निमित्त लागतं: आरती, संबळ, हलगी, धूप, भोवती जमलेली माणसं. आधी श्वास वाढतो, मग केस सुटतात, घुमणं सुरू होतं. डोळे बहुधा मिटलेले. बाई बोलते, विचारलेल्याला उत्तर देते, कौल देते. 10 मिनिटं, कधी तासभर चालतं आणि कापूर ओवाळला, ओटी भरली की शांत होतं. नवरात्रात अष्टमीला महालक्ष्मीपुढे घागरी फुंकतात, तिथे यातला एक धागा स्पष्ट दिसतो. सतत जोराने फुंकल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात. लय, थकवा आणि मनातली अपेक्षा त्यात मिसळली की माणूस तंद्रीत जातो. याला सरसकट सोंग म्हणणं चूक आहे. अनेकींना ते खरंच आवरत नाही, आणि एरवी घरात तोंड उघडता न येणाऱ्या बाईला तेवढाच वेळ कुणीतरी ऐकून घेतं.

या दोन्हींच्या मध्येही एक प्रकार आहे: मनावरच्या ताणातून येणारे झटके. डोळे घट्ट मिटलेले, मान डावी-उजवीकडे, झटके कमी-जास्त होत बराच वेळ चालतात. हेही नाटक नव्हे. उलट, खऱ्या आकडीतही कधी माणूस पडतच नाही. नुसता एकटक बघतो, ओठ चाटतो, कपडे चाचपतो, नसलेला जळका वास येतो म्हणतो. "बाहेरचं आहे" हा शिक्का बसतो तो अशांवरच जास्त. म्हणून एकाच खुणेवर निकाल देऊ नये. शक्य असेल तर मोबाइलवर चित्रण करून मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावं. मेंदूचा आलेख, म्हणजे ईईजी, आकडीच्या रुग्णातही स्वच्छ येऊ शकतो.

कांदा किंवा चप्पल हुंगवली की आकडी थांबते, हा समज का टिकलाय? कांदा शोधून, फोडून नाकाशी नेईपर्यंत दोनेक मिनिटं जातात आणि आकडी एवढ्यात आपली आपणच थांबते. श्रेय कांद्याला मिळतं. त्यापेक्षा घड्याळ बघा. आजूबाजूच्या टणक वस्तू सरकवा, डोक्याखाली घडी केलेला टॉवेल ठेवा, गळ्याजवळचं सैल करा. दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. दात तुटतात, पाणी श्वासनलिकेत जातं. झटके थांबले की कुशीवर वळवा. 5 मिनिटं उलटली, शुद्ध यायच्या आत दुसरी आली, बाई गरोदर असली किंवा आकडी आयुष्यातली पहिलीच असली, तर 108 ला फोन करा.

सगळ्यात मोठं नुकसान गोळ्या बंद केल्याने होतं. औषध नियमित घेतलं तर सुमारे 70 टक्के रुग्णांच्या आकड्या थांबू शकतात. एकदम सोडलं तर एकामागून एक येत राहतात आणि जीव जाऊ शकतो. मनगटाला गंडा बांधल्याने आकडी वाढत नाही, पण "गंडा असेपर्यंत गोळी नको" असं सांगणारा भगत धोक्याचा.

महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदाही नुसतं अंगात येणं हा गुन्हा मानत नाही. अंगात शक्ती आल्याचं सांगून "माझं ऐकलं नाहीस तर वाईट होईल" अशी भीती घालणं, भूत उतरवायला बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हे गुन्हे आहेत. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षं, दंड 5 हजार ते 50 हजार रुपये. आणि जिच्या अंगात वरचेवर येतं, नंतर जी तासन् तास रडते, तिच्यासाठी मानसोपचाराचा सरकारी टेलिमानस क्रमांक 14416 आहे, मोफत.