अंग गरम झाले, पण स्नायू जागे झाले का?

वजन उचलण्याआधी अंग मोकळे करावे याबद्दल फारसे दुमत नाही. ते कसे करावे, यावर मात्र पाऊणशे वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे. सायकल चालवावी, स्नायू ताणून धरावेत, फोम रोलर (फोमचा दंडगोल) अंगावर फिरवावा, की थेट बारखाली उभे राहून हलक्या वजनाचे सेट मारावेत? मला या इतिहासात एक गोष्ट ठळक दिसते. मोजायचे साधन बदलले, तसे उत्तरही बदलत गेले.

पहिले साधन तापमापक. १९४५ मध्ये डेन्मार्कच्या एर्लिंग आस्मुसेन आणि ओवे बोये यांनी मांडीच्या स्नायूच्या आतले तापमान मोजून सायकलवर जोरकस काम करवून घेतले. स्नायू जितका ऊबदार, तितके काम लवकर उरकते, असे त्यांना दिसले. व्यायाम न करता नुसती बाहेरून उष्णता दिली तरी फायदा होत होता. ऊबदार स्नायूत रासायनिक क्रिया जलद होतात आणि तंतूंचा चिवटपणा कमी होतो, हे स्पष्टीकरण आजही टिकून आहे.

सगळ्यांना ते पटले नाही. अमेरिकेत पीटर कार्पोविच आणि क्रेटन हेल यांनी १९५६ मध्ये धावपटूंवर प्रयोग केले, तेव्हा वॉर्म-अपचा काही लाभ दिसला नाही. फायदा मनाचा की शरीराचा, हा प्रश्न इतका टोकाला गेला की १९६१ मधल्या एका प्रयोगात लोकांना संमोहित करण्यात आले, म्हणजे आपण वॉर्म-अप केला की नाही हेच त्यांना कळू नये. तिथेही फरक सापडला नाही. मला या प्रयोगाचे फार कौतुक वाटते. निष्कर्ष काहीही असो, अपेक्षेचा परिणाम वेगळा काढायला हवा हे त्यांनी ओळखले होते.

स्नायूची विद्युत हालचाल टिपण्याची कल्पना याहून खूप जुनी आहे. १८४९ मध्ये जर्मन शरीरशास्त्रज्ञ एमिल दु बोआ-रेमों यांनी मिठाच्या पाण्यात हात बुडवून स्वतःच्या स्नायूंचा क्षीण विद्युतप्रवाह गॅल्व्हानोमीटर या काट्याच्या मापकावर पकडला. कातडी आड येते म्हणून त्यांनी हातावर फोड आणून ती जागा सोलली, आणि काटा जास्त हलला! आजच्या ईएमजीतही (इलेक्ट्रोमायोग्राफी, म्हणजे स्नायूची विद्युत हालचाल टिपणारी चाचणी) कातडी हाच अडथळा आहे. मांडीच्या बाहेरच्या बाजूचे केस काढायचे, जागा स्पिरिटने पुसायची, आणि स्नायूच्या उंचवट्यावर तंतूंच्या दिशेने दोन इलेक्ट्रोड शेजारी-शेजारी चिकटवायचे. जागा थोडी जरी सरकली तरी आकडा बदलतो. म्हणून आधी त्या व्यक्तीकडून पूर्ण जोर लावून घेतात आणि बाकीचे आकडे त्याच्या टक्केवारीत मांडतात.

हे साधन ताकदीच्या व्यायामाच्या वादात खऱ्या अर्थाने उतरले ते स्ट्रेचिंगच्या निमित्ताने. कित्येक वर्षे ताण धरून ठेवणे हाच वॉर्म-अपचा कणा होता. १९९८ मध्ये कोकोनेन, नेल्सन आणि कॉर्नवेल यांनी दाखवले की स्ट्रेचिंगनंतर एकदाच उचलता येणारे कमाल वजन गुडघा वाकवताना ७.३ टक्क्यांनी आणि सरळ करताना ८.१ टक्क्यांनी घटते. २००० मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात फाऊल्स आणि सहकाऱ्यांनी पोटरीचा स्नायू सुमारे अर्धा तास, प्रत्येकी १३५ सेकंदांच्या १३ ताणांनी ताणला. ताकद लगेच २८ टक्क्यांनी पडली आणि तासाभरानंतरही ९ टक्के कमीच होती. खरी मौज पुढे आहे. मेंदूकडून स्नायूला मिळणारी चेतना १५ मिनिटांतच जवळजवळ पूर्ववत झाली. म्हणजे सुरुवातीच्या घसरणीत मज्जासंस्थेचा वाटा होता, पण नंतरची उणीव खुद्द स्नायूतली होती. ईएमजी आणि बाहेरून दिलेला विजेचा झटका सोबत नसता, तर ही दोन कारणे वेगळी करताच आली नसती.

या निष्कर्षांचा अतिरेकही झाला. अर्धा तास पोटरी ताणून कोण बैठका मारतो? २०१६ मध्ये डेव्हिड बेम आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा एका स्नायूला ६० सेकंदांहून कमी ताण दिल्यास कामगिरीतली घट सरासरी १.१ टक्के, आणि ६० सेकंद किंवा जास्त दिल्यास ४.६ टक्के निघाली. हालचालीसह केलेल्या डायनॅमिक स्ट्रेचिंगने उलट १.३ टक्क्यांची किंचित वाढ झाली. तोवर फोम रोलरही आला होता. २०१३ च्या एका प्रयोगात दोन मिनिटे रोलर फिरवल्यावर गुडघ्याची हालचाल सुमारे १० अंशांनी वाढली, ताकद मात्र घटली नाही.

इथे ईएमजी वाचताना होणारी चूक सांगायलाच हवी. आलेख मोठा आला म्हणजे स्नायू ‘जास्त जागा झाला’ आणि वॉर्म-अप चांगला झाला, असे सर्रास म्हटले जाते. पण स्नायू तापला की तंतूतून जाणारा संदेश वेगाने धावतो आणि थोडक्यात संपतो, त्यामुळे जोर तेवढाच असूनही आलेख बदलतो. शिवाय तेच वजन कमी विद्युत हालचालीत उचलले गेले, तर ते स्नायूचे काम सोपे झाल्याचेही लक्षण असू शकते. बारवर किती वजन गेले हे सोबत पाहिल्याशिवाय नुसत्या ईएमजीवरून एक वॉर्म-अप दुसऱ्यापेक्षा सरस ठरवणे मला पटत नाही.

वजनाचाच आकडा धरला, तर ब्राझीलमधल्या आबाद आणि सहकाऱ्यांचा २०११ चा प्रयोग बोलका आहे. लेग प्रेसच्या (बसून पायांनी वजन ढकलण्याचे यंत्र) हलक्या सेटआधी २० मिनिटे संथ सायकल चालवली, तेव्हा कमाल वजन नुसत्या हलक्या सेटच्या तुलनेत ८.४ टक्क्यांनी जास्त निघाले. पुढे बारोसो आणि सहकाऱ्यांनी सायकलची वेळ आणि जोर बदलून पाहिला. १५ मिनिटे हळू चालवल्यावर लाभ झाला, ५ मिनिटांनी काहीच फरक पडला नाही, आणि तीच १५ मिनिटे जोर वाढवून चालवली तर उचललेले वजन उलट कमी झाले.