रॉटन बरो आणि पॉकेट बरो: पाद्र्याने पुरावा कुठे शोधावा?

अठराव्या शतकाच्या अखेरच्या किंवा एकोणिसाव्याच्या आरंभीच्या इंग्लंडमध्ये घडणाऱ्या रहस्यकादंबऱ्यांत एक मांडणी हमखास भेटते: छोटे गाव, पार्लमेंटची निवडणूक, मतदानाच्या तोंडावर पडलेला खून आणि त्याचा छडा लावणारा तिथला पाद्री. अशा गावाला कधी ‘रॉटन बरो’ म्हणजे सडका मतदारसंघ म्हटले जाते, तर कधी ‘पॉकेट बरो’ म्हणजे कुणाच्या तरी खिशातला मतदारसंघ, आणि वाचक दोन्ही एकच समजून पुढे जातात. खासदार कोण होणार हे दोन्हीकडे बहुधा आधीच ठरलेले असे, त्यामुळे हा घोटाळा स्वाभाविक आहे. परंतु पहिले नाव गावाच्या अवस्थेला दिलेले आहे आणि दुसरे गावावरच्या पकडीला. रहस्यकथेत तर खुनामागचा हेतूच या फरकावर ठरतो.

सडक्या मतदारसंघाचे ठळक उदाहरण म्हणजे विल्टशरमधले ओल्ड सेरम. तेराव्या शतकात तिथले कॅथीड्रल टेकडीवरून खाली सॉल्सबरीला हलले, मागोमाग वस्तीही गेली आणि टेकडीवर गवत तेवढे उरले. तरी पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहात, म्हणजे हाउस ऑफ कॉमन्समध्ये, दोन खासदार पाठवण्याचा जुना हक्क मात्र शाबूत राहिला. मत माणसाला नव्हे, ठरावीक भूखंडांना जोडलेले होते. ज्याच्याकडे भूखंड त्याच्याकडे जागा, असा सरळ हिशेब असल्यामुळे मालक मतदानापुरते भूखंड विश्वासातल्या माणसांच्या नावे करून देत आणि नंतर परत घेत. मद्रासचा गव्हर्नर राहिलेल्या, गोवळकोंड्याच्या मुलखातल्या प्रचंड हिऱ्यामुळे गाजलेल्या थॉमस पिटच्या घराण्याकडे ही टेकडी होती, आणि पुढे पंतप्रधान झालेला त्याचा नातू थोरला विल्यम पिट 1735 मध्ये इथूनच पार्लमेंटात गेला. त्याच सुमारास वाढू लागलेल्या आणि 1831 पर्यंत लाखावर वस्ती झालेल्या मँचेस्टरला मात्र 1832 पर्यंत स्वतःचा एकही खासदार नव्हता.

पॉकेट बरोला ओस पडण्याची गरज नसते. नॉटिंगहॅमशरमधले न्यूअर्क हे नांदते बाजारगाव होते. गरीबपट्टी, म्हणजे गरिबांच्या मदतीसाठीचा स्थानिक कर, भरणाऱ्या रहिवाशांना तिथे मत असल्यामुळे मतदार हजारावर होते. परंतु त्यांतल्या बऱ्याच जणांचे घर, दुकान किंवा शेत चौथ्या ड्यूक ऑफ न्यूकॅसलच्या मालकीचे होते. मतदान तोंडी आणि चारचौघांत होई, कोणी कोणाला मत दिले हे पुस्तकात नोंदले जाई आणि ते पुस्तक अनेकदा छापून विकलेही जाई. 1829 च्या पोटनिवडणुकीत ड्यूकच्या उमेदवाराविरुद्ध मत देणाऱ्या कुळांना जागा सोडण्याच्या नोटिसा आल्या. यावर ओरड झाली तेव्हा आपल्या मालमत्तेचे आपण हवे ते करू नये काय, असा ड्यूकचा उलट सवाल होता. इथे नाटक खरे आहे, कारण मतदार खरे आहेत आणि त्यांच्यापाशी गमावण्यासारखे काहीतरी आहे.

सडका मतदारसंघ जवळजवळ नेहमीच कुणाच्या तरी खिशात असे, म्हणून ओल्ड सेरमला दोन्ही नावे लागू पडतात. पण खिशातला प्रत्येक मतदारसंघ सडका नसे, आणि न्यूअर्कला रॉटन म्हणणे चूकच ठरेल. कॉर्नवॉलमधल्या ग्रॅम्पाउंडसारखी, मतदार ज्याची बोली मोठी त्याला मत विकत अशी गावे या दोहोंहून निराळी.

आता पाद्र्याकडे वळू. ओल्ड सेरमसारख्या ठिकाणी त्याला तपासायला गावच नाही. दंगल नाही, दारूच्या पिंपांची रांग नाही, फितवायला मतदार नाहीत. पुरावा सापडलाच तर वकिलाच्या कपाटातल्या खरेदीखतांत सापडेल. सडक्या मतदारसंघात तुंबळ प्रचार रंगवणारा लेखक माझ्या मते सरळ फसलेला असतो. न्यूअर्कसारख्या गावात मात्र पाद्र्याच्या हाताशी बरेच काही असते. गरीबपट्टी ठरवणारी पॅरिशची, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीची, सभा त्याच्याच अध्यक्षतेखाली भरते, त्यामुळे पट्टीच्या वहीत ऐन निवडणुकीआधी कोणाचे नाव घुसले आणि कोणाचे गळले, हे त्याला दिसू शकते. शिवाय पॅरिशवर पाद्री नेमण्याचा हक्क पुष्कळदा त्याच उमरावाकडे असे, आणि तरीही एकदा रीतसर नेमलेल्या रेक्टरला किंवा व्हिकारला, म्हणजे पॅरिशच्या मुख्य पाद्र्याला, तो मनात आले म्हणून काढू शकत नसे. गावातले कूळ ज्या नोटिशीला भिते, ती या माणसाला लागू होत नाही. पगारी सहायक पाद्री, म्हणजे क्युरेट, इतका सुरक्षित नसे. तपास त्याच्यावर सोपवणारी कादंबरी म्हणूनच अधिक ताणाची होऊ शकते.

पाद्र्यालाच उमेदवार करायचे असेल तर वर्ष पाहावे लागते. धर्मदीक्षा घेतलेला जॉन हॉर्न टूक 1801 मध्ये तिथला मालक लॉर्ड कॅमलफर्ड याच्या मर्जीने नेमक्या ओल्ड सेरममधूनच निवडून आला, आणि त्याच वर्षी पाद्र्यांना कॉमन्समध्ये बसण्यास मनाई करणारा कायदा झाला.

वर्ष आणखी एका कारणासाठी पाहावे. 1832 च्या सुधारणा कायद्याने 56 मतदारसंघ पूर्ण रद्द केले आणि त्यांत ओल्ड सेरम गेले. न्यूअर्क मात्र टिकले, आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत ड्यूकच्या पाठिंब्यावर तिथून पुढे पंतप्रधान झालेला तरुण ग्लॅडस्टन निवडून आला. गुप्त मतदान येण्यास 1872 उजाडले. म्हणून 1840 मधल्या कथेत घरमालकाच्या नोटिशीला घाबरणारा मतदार शोभतो, पण गवताळ टेकडीवरून दोन खासदार निवडून येताना दिसले तर लेखकाने कालगणना तपासलेली नाही, असे खुशाल समजावे.