मृग, पंचांग आणि प्रत्यक्ष : पावसाच्या अंदाजामागचा जुना विचार

मे संपत आला की विदर्भातल्या गावागावांत एकच विषय असतो. वखरणी आटोपलेली, वावर तापून भेगाळलेलं, कृषी केंद्रातून सोयाबीनच्या थैल्या आणि कपाशीचं बियाणं घरात येऊन पडलेलं. पारावर कोणीतरी पंचांग उघडतो आणि विचारणा होते, मृगाचं वाहन काय? तरुण पोरं त्याच वेळी मोबाईलवर हवामान खात्याचा अंदाज पाहतात. एकाच घरात बाप नक्षत्र सांगतो, पोरगा उपग्रहाचं चित्र दाखवतो, आणि पेरणीचा निर्णय दोघांना मिळून घ्यावा लागतो. अध्यात्म आणि विज्ञान यांच्या नात्यावर शहरात व्याख्यानं होतात. खेड्यात तो प्रश्न तिफणीपाशी येऊन उभा राहतो.

वाहन म्हणजे त्या नक्षत्राचा पाऊस कसा असेल हे सांगणारा प्राणी. ते ठरतं कसं, हे आधी पाहू. सूर्य एका नक्षत्रात साधारण तेरा-चौदा दिवस असतो. मृगात तो 7-8 जूनला शिरतो, आर्द्रात 21-22 जूनला. प्रवेशाच्या वेळी चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे ते पाहायचं, सूर्याच्या नक्षत्रापासून तिथपर्यंत मोजायचं आणि आलेल्या संख्येला 9 ने भागायचं. बाकी एक उरली तर घोडा, दोन कोल्हा, तीन बेडूक, चार मेंढा, पाच मोर, सहा उंदीर, सात म्हैस, आठ गाढव आणि शून्य उरलं तर हत्ती. बेडूक, म्हैस, हत्ती आले की भरपूर पाऊस. या गणितात वारा नाही, ढग नाही, समुद्राचं तापमान नाही. पुढच्या पन्नास वर्षांची वाहनं आज बसून काढता येतील. म्हणजे त्या वर्षाच्या आभाळाकडे न पाहताच उत्तर तयार असतं.

बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळची घटमांडणी याहून वेगळी. अक्षय्य तृतीयेला संध्याकाळी शेतात घट मांडतात, भोवती अठरा धान्यं ठेवतात. पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला धान्य किती हललं, ढेकूळ किती भिजलं यावरून पीकपाणी सांगतात. चंद्रभान महाराजांनी ही रीत साडेतीनशे वर्षांपूर्वी घालून दिली असं मानतात. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीने तिच्यावर वारंवार आक्षेप घेतला आहे, आणि एका रात्रीत हललेल्या धान्याचा पुढच्या चार महिन्यांच्या पावसाशी कार्यकारणसंबंध दाखवता येत नाही हे मलाही मान्य आहे. तरी पहाटे तिथे जमणारा शेतकरी मला परका वाटत नाही. कोरडवाहू शेती करणाऱ्याला जूनमध्ये पाऊस दगा देईल की साथ, हे कळण्यासाठी जे हाताशी आलं ते त्याने धरलं.

माझा मुद्दा वेगळा आहे. परंपरा म्हणून आपण जे जपतो, त्याच परंपरेत पडताळा घेण्याची एक फार जुनी, खणखणीत रीत आहे आणि नेमकी तीच आपल्या हातून सुटली.

सहाव्या शतकातल्या वराहमिहिर या ज्योतिर्विदाची बृहत्संहिता उघडावी. सूर्याच्या अयनाबद्दल तो लिहितो, आश्लेषाच्या मध्यापासून दक्षिणायन आणि धनिष्ठाच्या आरंभापासून उत्तरायण, हे पूर्वीच्या शास्त्रांत सांगितलंय म्हणजे एके काळी खरोखर तसं असलं पाहिजे. पण सांप्रत दक्षिणायन कर्कारंभी होतं आणि उत्तरायण मकरारंभी. सांगितलेलं आणि दिसणारं जुळलं नाही तर काय करायचं, याचंही उत्तर त्याने दिलं आहे : ‘प्रत्यक्षपरीक्षणैर्व्यक्तिः’. प्रत्यक्ष परीक्षेनेच उलगडा होतो. ते जुनं मत सांगणारा वेदांग ज्योतिषासारखा पूज्य ग्रंथ त्याने खोटा ठरवला नाही आणि त्याच्यापुढे डोळेही मिटले नाहीत. पूर्वजांनी त्यांच्या काळचं आकाश पाहिलं, आम्ही आमच्या काळचं पाहतो, इतकं सरळ.

पावसाबद्दल तर तो आणखी जवळून बोलतो. मार्गशीर्षापासून ढगांचा ‘गर्भ’ धरतो आणि 195 दिवसांनी तो प्रसवतो, असा त्याचा सिद्धांत. आजच्या हवामानशास्त्रात तो टिकत नाही. पण त्यासाठी त्याने सांगितलेली शिस्त मोठी आहे : जो रात्रंदिवस चित्त एकाग्र करून ही लक्षणं पाहतो, त्याची पावसाविषयीची वाणी मुनीच्या वाणीसारखी खोटी ठरत नाही. मुनीपण मिळतं ते पाहण्याच्या निष्ठेतून. आणि पाऊस मोजायचा तर हातभर रुंद कुंड ठेवा, पन्नास पळं म्हणजे एक आढक या मापाने पाणी मोजा, असंही तो सांगतो. पर्जन्यमापकाचं कुंड कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही आहे. आणि सतत नक्षत्रं विचारत बसणाऱ्या पोरकट माणसाच्या हातून अर्थ म्हणजे धन निसटतं, तारका काय करणार, असं कौटिल्य रोखठोक सुनावतो.

हे सगळं एकसंध आणि निर्मळ होतं असं म्हणणं खोटेपणाचं होईल. आर्यभटाने ग्रहणात चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची मोठी छाया चंद्राला झाकते, असं स्वच्छ लिहिलं. पुढे 628 साली ब्रह्मगुप्ताने, स्वतः छायेचं गणित अचूक करत असतानाही, राहू नाकारणाऱ्यांवर श्रुतिस्मृतींच्या आधारे टीका केली. वराहमिहिरानेही जातकं आणि शकुनं भरभरून लिहिली. शास्त्राला लोकाचाराचा दाब तेव्हाही होता.

तत्त्वज्ञानाने मात्र श्रुती आणि प्रत्यक्ष या दोहोंच्या हद्दी आखून ठेवल्या होत्या. न्यायदर्शन प्रमाणं म्हणजे ज्ञानाची साधनं मोजतं तेव्हा प्रत्यक्ष पहिलं. मुंडकोपनिषद ज्योतिषाला आणि चारही वेदांना अपरा विद्येत ठेवतं. अक्षर ब्रह्म कळतं ती परा. आदि शंकराचार्य गीताभाष्यात म्हणतात, अग्नी थंड आहे किंवा तो प्रकाश देत नाही असं शंभर श्रुतींनी सांगितलं तरी ते प्रमाण होत नाही. श्रुतीचा अधिकार इंद्रियांपलीकडच्या गोष्टीत. जाळ हाताला लागतो तिथे हाताचंच ऐकायचं. अद्वैताचा सर्वांत मोठा आचार्य हे म्हणतो, म्हणून पेरणीपूर्वी ओल तपासणाऱ्याने धर्म सोडला असं कोणी म्हणू नये.

विदर्भात हा धागा मधूनमधून दिसत राहिला. अमरावती जिल्ह्यातल्या माधानचे गुलाबराव महाराज (1881-1915) तान्हेपणीच अंध झाले. त्यांनी दुसऱ्यांकडून वाचून घेऊन डार्विन, स्पेन्सर यांच्या मतांशी वाद घातला. त्यांची उत्तरं सगळी पटणार नाहीत, पण ऐकून न घेता झिडकारणं त्यांनी केलं नाही. गाडगेबाबांनी वऱ्हाडी बोलीत, प्रश्न विचारत विचारत, नवस आणि बोकडबळी कीर्तनात तपासायला घेतले. तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेच्या 41 अध्यायांत भक्तीबरोबर गावची स्वच्छता, आरोग्य आणि शेतीही बसवली. पवनारला धाम नदीकाठी राहिलेल्या विनोबांचं समीकरण प्रसिद्धच आहे : विज्ञान अधिक अहिंसा म्हणजे सर्वोदय, विज्ञान अधिक हिंसा म्हणजे सर्वनाश.

पंचांगाचं मात्र राहून गेलं. पृथ्वीचा आस हळूहळू डुलतो, त्याला अयनचलन म्हणतात. त्यामुळे नक्षत्रं ऋतूंच्या तुलनेत साधारण 72 वर्षांत एक दिवस पुढे सरकतात. वराहमिहिराच्या वेळी मृगप्रवेश ऋतुमानाने आजच्या मेच्या मध्यावर पडला असता. पंचांगातली कर्कसंक्रांत आता 16 जुलैच्या सुमारास येते, पण सूर्य दक्षिणेकडे वळतो 21 जूनला. शंकर बाळकृष्ण दीक्षितांपासून व्यंकटेश बापूजी केतकरांपर्यंत मराठी ज्योतिर्विदांनी यावर आयुष्यं वेचली. मेघनाद साहांच्या पंचांग सुधारणा समितीनंतर 22 मार्च 1957 पासून ऋतूंना धरून चालणारी राष्ट्रीय दिनदर्शिका आली. ती सरकारी कागदावर राहिली.

मृग आज 7-8 जूनला येतो आणि विदर्भात मान्सून साधारण जूनच्या मध्याला पोचतो, म्हणून नक्षत्र अजून बरंचसं जुळल्यासारखं वाटतं. पण ‘मृग लागला’ म्हणून एका सरीवर सोयाबीन पेरलं आणि पुढे पंधरा दिवस उघाड पडली तर दुबार पेरणी ठरलेली. बियाण्याचा, खताचा, मजुरीचा खर्च पुन्हा. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. हवामान केंद्रं आता महसूल मंडळाला एक अशी आहेत, आणि पाऊस तर एका धुऱ्यावर पडतो, दुसऱ्यावर नाही. मंडळाचा आकडा 80 असला तरी आपल्या वावरात 30 च पडला असेल. तो कळायला सरळ भिंतीचं, सपाट बुडाचं एखादं भांडं उघड्यावर ठेवायचं, रोज सकाळी ठरल्या वेळी पट्टीने पाणी मोजायचं आणि आकडा पंचांगाच्या त्याच तारखेसमोर लिहायचा.