कंपन्यांचे कागद, बंद लिफाफे आणि खुलं कोर्ट : एका वादाची मुंबईतली मुळं

व्यापारी दाव्यात एखादी कंपनी ‘हे कागद बंद लिफाफ्यातच राहू द्या’ अशी विनंती करते, तेव्हा त्यामागे पुष्कळदा खरीखुरी भीती असते. ग्राहकांची यादी, कच्च्या मालाचा भाव, एखाद्या रसायनाची कृती प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडली, तर दावा जिंकूनही धंदा बुडू शकतो. दुसरीकडे, त्याच कंपनीत हजारो लोकांच्या ठेवी नाहीतर शेअर अडकलेले असतात. कोर्टात तिच्याबद्दल काय निघालं, हे त्यांना कळायला हवंच. ही ओढाताण जुनी आहे, आणि भारतातला तिचा पायाभूत खटला मुंबई उच्च न्यायालयात, फोर्टमधल्या त्याच दगडी इमारतीत घडला.

सप्टेंबर १९६० मध्ये मुंबईच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने उद्योगपती कृष्णराज ठाकरसी यांच्या उद्योगसमूहावर आरोप करणारा लेख छापला. ठाकरसींनी संपादक रुसी करंजिया यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. सुनावणी न्या. वि. म. तारकुंडे यांच्यापुढे होती. बचावाच्या बाजूने बोलावलेला एक व्यापारी साक्षीदार आपल्या आधीच्या निवेदनावरून फिरला. त्याला पुन्हा बोलावलं गेलं, तेव्हा त्याने कोर्टाला विनवलं : माझी पहिली साक्ष वर्तमानपत्रांत आली आणि धंद्यात नुकसान झालं, आता तरी छापू देऊ नका. २३ ऑक्टोबर १९६४ रोजी न्यायमूर्तींनी तोंडी आदेश दिला की ही साक्ष प्रसिद्ध करायची नाही.

या आदेशाचं स्वरूप नीट पाहायला हवं. कोर्टाचे दरवाजे बंद केले नव्हते. बाकावर बसलेला कुणीही माणूस साक्ष ऐकू शकत होता आणि घरी जाऊन सांगू शकत होता. बंदी होती ती छापण्यावर. म्हणजे ज्याला कामधंदा सोडून फोर्टात येणं जमत नव्हतं, तो वाचक तेवढा बाहेर राहिला.

‘ब्लिट्झ’चे वार्ताहर नरेश श्रीधर मिरजकर आणि इतर पत्रकार आधी उच्च न्यायालयातच गेले. तिथे याचिका फेटाळली गेल्यावर ते सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ३ मार्च १९६६ रोजी निकाल दिला आणि आठ विरुद्ध एक अशा मताने आदेश टिकला. बहुमताचा मुख्य निकाल सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांचा. ते साताऱ्यात जन्मलेले आणि एके काळी याच मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती होते. त्यांनी खुल्या सुनावणीचं महत्त्व ठासून मांडलं. पण न्यायाच्या हितासाठी अपवाद करण्याचा अधिकार न्यायालयाला मुळातच असतो, असंही ठरवलं. शिवाय ही बंदी खटला चालू असेपर्यंतचीच आहे, असा अर्थ लावला. न्या. एम. हिदायतुल्ला एकटे विरोधात उभे राहिले. आज तो निकाल वाचताना मला त्यांची बाजू जास्त पटते. ‘धंद्याला झळ बसेल’ एवढं साक्षीदाराने सांगितलं म्हणून वाचकांचा हक्क थांबवायचा असेल, तर ती झळ आधी तपासायला तरी हवी होती.

याच तारकुंड्यांनी पुढे न्यायमूर्तिपद सोडल्यावर नागरी हक्कांच्या चळवळीत आयुष्य घातलं, हेही नोंदवायला हवं. त्यांच्या हेतूवर शंका घेण्याचं कारण नाही. साक्षीदाराने न भिता खरं बोलावं, एवढीच त्या आदेशामागची काळजी होती.

अपवादाची कल्पना त्याआधीची आहे. इंग्लंडमध्ये १९१३ साली ‘स्कॉट विरुद्ध स्कॉट’ या विवाह रद्दबातल ठरवण्याच्या प्रकरणात हाउस ऑफ लॉर्ड्सने खुली सुनावणी हाच नियम ठरवला. मात्र उत्पादनाच्या गुप्त कृतीबद्दलच वाद असेल आणि उघड सुनावणीने ती कृतीच निकामी होणार असेल, तर दरवाजा बंद करता येतो, असं लॉर्ड हॉल्डेन यांनी म्हटलं होतं. ही कसोटी अरुंद आणि स्पष्ट होती. ‘धंद्याचं नुकसान’ हा शब्दप्रयोग तिच्यापेक्षा फार ऐसपैस आहे.

पुढचं मोठं वळण २०१२ चं. सहारा उद्योगसमूह आणि शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सेबी यांच्या वादात सहाराने सेबीच्या वकिलांकडे दिलेला गोपनीय प्रस्ताव सुनावणीआधीच टीव्हीवर झळकला. सरन्यायाधीश एस. एच. कापडिया यांच्या घटनापीठाने त्यावर मार्गदर्शक तत्त्वं दिली. प्रसिद्धी पुढे ढकलता येईल, पण गरज दाखवूनच आणि थोड्या काळापुरती. मिरजकर निकालाने दिलेल्या मोकळ्या अधिकाराला इथे माप लागलं.

बँकांच्या बाबतीत मुंबईकरांना अधिक जवळचं उदाहरण आहे. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रिझर्व्ह बँकेला सांगितलं की बँकांचे तपासणी अहवाल माहिती अधिकारात नाकारता येणार नाहीत. त्यानंतर काही महिन्यांतच, २०१६ मध्ये, त्याच रिझर्व्ह बँकेने ५०० कोटींवरच्या थकबाकीदारांची यादी त्याच न्यायालयाला सीलबंद लिफाफ्यात दिली. सामान्य कर्जदाराने हप्ते चुकवले, तर बँक त्याचं नाव आणि घराचा पत्ता जप्तीच्या नोटिशीत वर्तमानपत्रात छापते. हा फरक मला कधीच पटलेला नाही.

लिफाफ्यांच्या सवयीला खरा चाप एप्रिल २०२३ मध्ये बसला. एका मल्याळी वृत्तवाहिनीच्या परवान्याच्या खटल्यात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने म्हटलं की समोरच्याला न दाखवता कागद न्यायाधीशांना देणं हे नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध आहे. गुप्तता मागणाऱ्याने कारण द्यावं आणि कमी जाचक मार्ग असेल तर तो घ्यावा. गोपनीय ओळींवर काळी पट्टी मारून उरलेला कागद देणं हा तसाच एक मार्ग.

पण तिथे गुप्तता सरकारने मागितली होती. कंपनी विरुद्ध कंपनी दाव्यात गोष्ट वेगळी असते. दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या नियमांत ‘कॉन्फिडेन्शियालिटी क्लब’ची सोय आहे. ठरावीक वकील आणि तज्ज्ञच कागद पाहतात. दोन्ही पक्षांना हे सोयीचं असतं, त्यामुळे विरोध करायला कुणी उभंच राहत नाही. लवादाचं, म्हणजे कोर्टाबाहेर नेमलेल्या पंचांपुढचं, कामकाज तर लवाद कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ४२अ घालून गोपनीयच केलं. मुंबईतले मोठे व्यापारी वाद आता अनेकदा तिथेच मिटतात.

बाहेरच्या माणसाला कोर्टातल्या कागदांची नक्कल हवी असेल, तर माहिती अधिकाराचा रस्ता बंद आहे. गुजरात उच्च न्यायालयासंबंधीच्या मार्च २०२० च्या निकालाप्रमाणे त्याने त्या-त्या उच्च न्यायालयाच्या नियमांनुसार अर्ज करून कारण सांगायचं. म्हणजे ठेवीदाराने आपल्याला कागद का हवा हे पटवायचं. माझ्या मते कागद लपवण्याची निकड पटवण्याचं ओझं कंपनीवर हवं, तेही पानागणिक, आणि प्रत्येक आदेशाला मुदत हवी. व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र कायदा करावा, अशी शिफारस विधी आयोगाने मार्च २०२४ मधल्या २८९ व्या अहवालात केली आहे. सार्वजनिक हितासाठी आणि गैरप्रकार उघड करणाऱ्यांसाठी त्यात अपवाद सुचवले आहेत. दाव्यातले कागद किती काळ आणि कुणापासून झाकायचे, हा प्रश्न त्या कायद्याच्या निमित्ताने मुंबईच्या वकिलांनी आणि ठेवीदारांच्या संघटनांनी आत्ताच लावून धरायला हवा.