भूल उतरवायचं इंजेक्शन नेमकं काय उतरवतं?

कोल्हापुरातलं सीपीआर हे सरकारी रुग्णालय असो की राजारामपुरीतलं एखादं खासगी हॉस्पिटल, ऑपरेशन थिएटरच्या दाराशी ताटकळलेल्या नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला: "डॉक्टर, ऑपरेशन झालं न्हवं, मग अजून का उठंना?" आणि लगेच पुढचा: "लवकर उठायचं इंजेक्शन न्हाई व्हय?"

इंजेक्शन असतं, पण ते मेंदूला उठवत नाही. पूर्ण भूल हे एका औषधाचं काम नव्हे. प्रोपोफॉल किंवा सेव्होफ्लुरेनने शुद्ध हरपते, फेंटानिलने वेदना दबतात आणि व्हेक्युरोनियम, रोक्युरोनियमने स्नायू ढिले पडतात. शेवटी दिलं जाणारं निओस्टिग्मिन फक्त या ढिल्या स्नायूंसाठी. नस स्नायूला निरोप देते ती ॲसिटिलकोलीन या रसायनामार्फत. ते मोडणाऱ्या एन्झाइमला निओस्टिग्मिन अडवतं, मग ॲसिटिलकोलीन साचत जातं आणि स्नायू ढिले करणाऱ्या औषधाला जागेवरून हुसकावतं. यात नाडी मंदावू शकते, म्हणून जोडीला ग्लायकोपायरोलेट.

ढिल्या स्नायूंवरच्याच सुगामाडेक्स या दुसऱ्या औषधाची तऱ्हा वेगळी. साखरेच्या आठ घटकांचं हे कडं रोक्युरोनियमचा अख्खा रेणूच पोटात घेतं. बहुतेकदा दोन-तीन मिनिटांत ताकद परतते. युरोपात २००८ मध्ये, अमेरिकेत २०१५ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. औषध महाग आहे. शिवाय गर्भनिरोधक गोळ्यांचा असर ते कमी करू शकतं, त्यामुळे पुढचे सात दिवस गर्भनिरोधनाचा दुसरा उपायही वापरावा लागतो. ही गोष्ट डिस्चार्जच्या गडबडीत हमखास सांगायची राहते असं मला वाटतं.

मेंदूवरची भूल मात्र आपल्या गतीने उतरते: सेव्होफ्लुरेनसारखा वायू श्वासावाटे निघून जातो, प्रोपोफॉल रक्तातून इतरत्र पांगतं. फेंटानिलवर नॅलॉक्सोन हा उतारा आहे, पण त्याने दाबलेली वेदनाही उसळते, म्हणून तो अडचणीतच वापरतात.

मग मेंदूलाच जागं करता येईल का? शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी चहा-कॉफीत असतं ते कॅफीन वापरून पाहिलं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ८ निरोगी पुरुषांना दोनदा आयसोफ्लुरेनची भूल दिली. एकदा शिरेतून कॅफीन, एकदा नुसतं सलाइन. जागं व्हायला सरासरी १६.५ मिनिटं लागत होती, ती ९.६ वर आली. पण यात कुणाचं ऑपरेशन झालेलं नव्हतं आणि माणसं अवघी आठ, त्यामुळे एवढ्यावरून थिएटरमधली रीत बदलत नाही.

हे वाचून कुणी थर्मासमधला चहा रिकव्हरी रूममध्ये नेऊ नये. अर्धवट शुद्धीत गिळण्याचं भान नसतं, घोट श्वासनलिकेत जाऊ शकतो. चहा कधी द्यायचा ते भूलतज्ज्ञांना विचारायचं.